मोटार बंद दिसते, तरी अण्णांना खात्री वाटत नाही. हा ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) का? आणि घरच्यांनी काय करायचं?

चोपड्याची_लेक

नमस्कार. माझं माहेर चोपडा तालुक्यात, तापीच्या पट्ट्यातलं. सासर धुळे. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय 58, शेती केळी आणि कापसाची. शिवारात कुणाची मोटार जळली, कुणाच्या ठिबकला पाणी चढेना, की आधी अण्णांना हाक मारतात, इतका हात बसलेला माणूस.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले तर सणाचं वातावरणच नव्हतं. आमच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याने, नव्या सालाला नकार दिला होता. मी शाळेत होते तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. पैशांवरून बोलणं नाही, भांडण नाही. घागर पुजून झाल्यावर मायला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "मालक रातले झोपू देत नही."

मग मायने सगळं सांगितलं. रात्रीची लाईट असली की अण्णा पाणी भरून मोटार बंद करतात, घरी येतात, हातपाय धुतात, ताटावर बसतात आणि उठतात. स्टार्टर खरंच बंद केला का? टॉर्च घेऊन परत मळ्यात. पेटी उघडायची, लाल बटण दाबायचं, कटआउट (फ्यूज) काढून खिशात टाकायचे, पेटी लावायची, वायरीवरून शेवटपर्यंत टॉर्च फिरवायची. कटआउट खिशात असताना मोटार चालू होणारच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? घरी येऊन ते खिसा चाचपतात, कटआउट हाताला लागतात, आणि तरी मायला विचारतात, "बंद शे ना?" माय म्हणते, "शे ना बंद." थोड्या वेळाने परत तेच. मायचं समाधान पुरेना म्हणून मळ्यातल्या खोलीत झोपलेल्या सालदाराला उठवायचं. मग पुन्हा एकदा स्वतः जाऊन यायचं.

भीती अशी की कुठेतरी वायर सोललेली असेल, रानडुकरांनी तोडली असेल, सरीतल्या पाण्यात करंट उतरेल, पहाटे गवताला आलेली एखादी बाई नाहीतर सालदाराचं पोर त्यात पाय घालेल, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल. "माझ्या हातून" हे दोन शब्द ते सारखे बोलतात. फवारणीच्या औषधांचंही तेच. बाटल्यांची झाकणं इतकी आवळतात की दुसऱ्याला उघडत नाहीत, तरी रात्री उठून बघतात.

भावाने उपाय म्हणून मोबाईल स्टार्टर बसवला. घरबसल्या फोन लावला की मोटार चालू आहे की बंद, ते कळतं. मला वाटलं सुटलो. आता अण्णा अंथरुणात बसून रात्रभर तो नंबर लावतात. रेंज गेली की उठून मळ्यात.

माय म्हणते, हा स्वभाव लग्नापासूनचा आहे. पंढरपूरला निघाले तर बसस्टँडवरून कुलूप बघायला परत यायचे, कापसाचे पैसे आले की मोजतच बसायचे. पण तेव्हा संसार चालत होता. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात एक तरुण मुलगा मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हापासून हे असं वाढलं.

गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. झोप लागते, पण पहाटे उठल्यावर दुप्पट तपासणी. काकू म्हणते बाहेरचं आहे, भगताला दाखवा. भाऊ चिडतो, त्याला वाटतं मुद्दाम करतात. आणि अण्णा स्वतः काय म्हणतात? "मला कळतं गं, बंद आहे. पण डोकं ऐकत नाही." आखाजीच्या रात्री ओट्यावर बसून म्हणाले, "असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं." त्यानंतर माझी झोप उडाली आहे.

मी वाचलं त्यावरून हा ओसीडी वाटतो, पण त्यात सगळीकडे हात धुण्याचंच लिहिलेलं असतं. हा तोच आजार का? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? मायने "बंद शे" म्हणायचं की नाही? आणि "मी काय वेडा आहे का" म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं कसं?

यावलचे_काका

बेटी, वाचून जीव कळवळला. मी पण केळीवालाच. रात्रपाळीच्या लाईटने आमच्या पिढीची झोप खाल्ली आहे, त्यात असा ताण आला तर माणूस कोलमडणारच. माझं सांगणं एवढंच की त्यांच्यावरचा भार कमी करा. थोडं शेत हिश्श्याने देऊन टाका. त्यांना मनुदेवीला घेऊन या, सातपुड्याच्या कुशीत बसलं की मन शांत होतं, माझा अनुभव आहे. आणि रोज रात्री त्यांना प्रेमाने समजावत जा. स्टार्टरचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. शंका आली की फोटो दाखवायचा, विषय संपला. भगताच्या नादी मात्र लागू नका, पैसाही जातो आणि दिवसही.

बोरीकाठ_अमळनेर

बेटा, मी अमळनेरची. शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझ्या अण्णांना जे होतं आहे ते मी आतून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा आजार तुझ्या अण्णांसारखा दिसत नव्हता. मी वाडीत, म्हणजे इथल्या सखाराम महाराजांच्या संस्थानात, देवापुढे हात जोडून उभी राहिले की मनात देवाला शिवी उमटायची. घाणेरडी, मी आयुष्यात कधी तोंडातून काढली नाही अशी. अंग गार पडायचं. मग ती शिवी पुसायला मनातल्या मनात रामनाम, ठरलेल्या आकड्याने. मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू घरातली पूजाही तशीच होऊ लागली, तासनतास. वैशाखात रथ निघतो तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं, मी आजारपणाचं निमित्त काढून आत बसायची. आणि बाहेरून कुणालाच काही दिसत नव्हतं. लोक म्हणायचे, बाई फार देवभोळ्या आहेत.

हात धुणं हे या आजाराचं एक रूप झालं. कुणाला मळाची भीती, कुणाला कुलूप-गॅस-मोटारीची शंका, कुणाला वस्तू एका रेषेतच हव्या. कुणा बाळंतिणीच्या मनात स्वतःच्याच बाळाला इजा करण्याचा विचार येतो आणि ती बाळाजवळ जायलाच घाबरते. आतला सांगाडा एकच असतो. नको असलेला विचार घुसतो, तो भयंकर जबाबदारीचा वाटतो, अंगाला घाम फुटतो, मग तो शमवायला काहीतरी करावं लागतं. ते केलं की घडीभर बरं वाटतं. ते घडीभर बरं वाटणं हाच या आजाराचा खुराक. मंत्रचळ म्हणायचे आपल्याकडे याला, आणि त्यावर हसायचे.

एक गोष्ट तुझ्या भावाला जरूर वाचून दाखव. जो विचार येतो तो माणसाच्या स्वभावाच्या उलटा असतो, म्हणूनच तो टोचतो. मला देव प्रिय होता म्हणून देवाबद्दलची शिवी आली. तुझ्या अण्णांना दुसऱ्याच्या पोराच्या जिवाची किंमत आहे म्हणून शॉकची भीती आली. ज्याला कुणाचं काही पडलेलं नाही त्याला ही शंका रात्री उठवत नाही. मुद्दाम कोण स्वतःची झोप मोडेल?

आता मायच्या "शे ना बंद" बद्दल, आणि यावलच्या काकांच्या फोटोबद्दल. काका, तुमचं मन चांगलं आहे, मनुदेवीला जाऊन शांत वाटतं हेही खरं. पण फोटो काढू नका, हात जोडून सांगते. मोबाईल स्टार्टरचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. फोटोचंही तेच होईल. पहिल्या रात्री फोटो बघून बरं वाटेल, दुसऱ्या रात्री शंका येईल की हा आजचा की कालचा, तिसऱ्या रात्री फोटो काढल्यावर चुकून बटणाला हात लागला असेल तर? ही शंका म्हणजे जुना सावकार आहे, जेवढं द्याल तेवढं व्याज वाढवतो. मी पेपर तपासताना गुणांची बेरीज पुन्हा पुन्हा करायची आणि प्रत्येक बेरजेनंतर माझा स्वतःवरचा विश्वास कमी व्हायचा. गणिताची शिक्षिका, आणि दोन अंकी बेरजेवर विश्वास नाही! पुढे वाचलं की यावर प्रयोगच झाला आहे. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी धडधाकट लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांना आठवत बरोबर होतं, पण जितकं तपासलं तितकी ती आठवण पुसट वाटू लागली, आणि आपल्याला नीट आठवतंय यावरचा भरवसा उडाला. अण्णा कटआउट चाचपूनही विचारतात त्याचं कारण हे. त्यांची नजर शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, तपासून तपासून आठवणीवरचा भरवसा झिजला आहे.

म्हणून मायचं "शे ना बंद" प्रेमाचं असलं तरी ते उत्तर आजाराला मिळतं, अण्णांना मिळत नाही. पण उद्यापासून मायने एकदम तोंड बंद करायचं, असंही नको. ते क्रूर होईल, आणि अण्णा सालदाराकडे नाहीतर शेजाऱ्याकडे जातील. दिवसाढवळ्या, डोकं शांत असताना, अण्णांना सोबत घेऊन ठरवायचं. आमच्या घरी ठरलं होतं की मी यजमानांना "मला पाप लागेल का" असं विचारलं की ते म्हणणार, "हा प्रश्न आजाराचा आहे, याला मी उत्तर देणार नाही. पण मी इथे बसलो आहे." आणि ते खरंच बसायचे. कधी मी रडले, कधी चिडून ताट सरकवलं, ते उठून गेले नाहीत. उत्तर नाकारायचं, माणसाला नाकारायचं नाही, हे त्यांना जमलं म्हणून मी आज हे लिहिते आहे.

या उपचाराला ईआरपी म्हणतात. भीतीला सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही. 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने हा मार्ग पहिल्यांदा मांडला, त्याआधी या आजारापुढे बहुतेकांनी हात टेकले होते. मला हे शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ व्हिडिओ कॉलवर भेटायच्या, अमळनेरात बसून होतं ते. त्यांनी मला वाडीत उभं राहायला सांगितलं. विचार येऊ द्या, रामनामाने पुसू नका, मग देव कोपतो की नाही याची खात्री न करता घरी या. पहिल्यांदा पाय लटपटले. पण हळूहळू कळलं की भीती चढते, टिकते आणि आपण काहीच न करता उतरते. आणि कधी नाही उतरली, तरी तिच्यासकट भाकरी थापता येते, तास घेता येतो.

अण्णांसाठी हे कसं असेल ते त्यांचे उपचारक ठरवतील, पण तुला कल्पना यावी म्हणून सांगते. पायऱ्या असतात, सगळ्यात सोपी आधी. स्टार्टर एकदा बंद करायचा, डोळ्यांनी एकदा बघायचं, पेटी लावायची, पाठ फिरवायची. कटआउट पेटीतच. मग कधीतरी तो मोबाईल स्टार्टरचा फोन जेवणानंतर मुलाकडे द्यायचा. मग औषधांच्या कपाटाला एकदाच कुलूप. शंका आली की म्हणायचं, "असेल चालू, नसेल चालू, मी आता उठणार नाही." यात जिवावरचा धोका पत्करायचा नसतो. उघड्या वायरीला हात लावायला कुणी सांगत नाही. शेजारचा समजूतदार शेतकरी जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यायची, त्यावरची सोडायची. अर्थिंग, वायरींची डागडुजी एकदा वायरमनकडून दिवसा करून घ्या, ती साधी शेतीची गरज आहे. ती झाल्यावर पुन्हा त्याला बोलवायचं नाही.

मी गोळ्याही घेतल्या. सुरुवातीला मळमळ झाली, फरक दिसायला बरेच आठवडे गेले, मध्येच सोडून द्यावंसं वाटलं. गोळ्यांनी विचार गेले नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला, आणि त्यामुळे वाडीत उभं राहण्याइतकी ताकद आली. विचार आजही कधी येतो. मी दर्शन घेते आणि घरी येते.

डॉक्टरकडे नेण्याबद्दल: खोटं सांगून नेऊ नकोस. "डोक्याचा डॉक्टर" हा विषय न काढता अण्णांना काय हवं आहे तिथून सुरुवात कर. त्यांना झोप हवी आहे. आणि सालदार गेल्याचं दुःख त्यांना तुझ्यापेक्षा जास्त असेल, इतक्या वर्षांचा माणूस. त्यांचंच वाक्य त्यांना दे: "अण्णा, तुम्हीच म्हणता ना, डोकं ऐकत नाही. त्याचे डॉक्टर असतात."

मनोविकारतज्ज्ञ_जळगाव

वरच्या बाईंनी फार नेमकं लिहिलं आहे. मी डॉक्टर म्हणून राहिलेलं सांगतो.

सगळ्यात आधी, ताई, "सुटलेलं बरं" या वाक्याबद्दल. ते हलक्यात घेऊ नका. आजच अण्णांजवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं असं काही ठरवलं आहे का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उत्तर काहीही असो, फवारणीची औषधं घरातून आणि मळ्यातल्या खोलीतून हलवा, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. हे आजाराचे लाड करणं नव्हे, सुरक्षितता आहे. ओसीडीसोबत नैराश्य बऱ्याच रुग्णांत असतं. 14416 हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. रात्री-अपरात्री लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तुम्ही लिहिलं त्यावरून चित्र ओसीडीचं दिसतं, पण निदान प्रत्यक्ष भेटूनच होतं. मोटार बंद आहे हे त्यांना कळतं, विचार आपल्याच मनाचा आहे हे कळतं, तो नको आहे, दिवसाचे तास त्यात जातात आणि घर, काम, माणसं त्यात भरडली जातात. बाहेरची बाधा नाही, वेडही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात प्रौढांमध्ये हा आजार शंभरात जवळपास एकाला आढळला. म्हणजे तुमच्या गावातही आणखी घरं असतील, बोलत नाहीत एवढंच. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो, तुमच्या आईने सांगितलेली कुलपाची गोष्ट त्याला धरून आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला असता तर मी मेंदूची तपासणी आधी केली असती.

औषधांत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, एस्सिटालोप्राम ही पहिल्या फळीची, क्लोमिप्रामिन हे जुनं पण प्रभावी. ओसीडीत नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रा लागते आणि पुरेशा मात्रेवर 8 ते 12 आठवडे थांबावं लागतं. इथेच बहुतेक घरं चुकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद, दुसरा डॉक्टर. पहिल्या औषधाने साधारण निम्म्या रुग्णांना चांगला उतार पडतो, बाकीच्यांना औषध बदलून किंवा जोड देऊन. बरं वाटल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करून बघतात. काहींना जास्त काळ लागतात, पण सगळ्यांना जन्मभर लागतात असं नाही. या गोळ्यांची सवय लागत नाही. झोपेच्या ज्या गोळीबद्दल तुम्ही लिहिलं, तिची मात्र लागू शकते, आणि ती ओसीडीचा उपचार नव्हे. पण बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टर उतरवतील.

शक्य असेल तर औषध आणि ईआरपी दोन्ही. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतो, ईआरपी बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही ईआरपी करता का?" नुसतं "सकारात्मक विचार करा" सांगणारं समुपदेशन इथे उपयोगाचं नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे, पण तिकडे धावायची गरज बहुतेकांना पडत नाही.

चोपड्याची_लेक

बाई, डॉक्टर, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल पुन्हा चोपड्याला आले. अण्णांना विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं, सरळ. खूप वेळ गप्प बसले. म्हणाले, मनात येतं, पण ठरवलेलं काही नाही, तुमची तोंडं दिसतात. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आमच्या घरच्या काकांच्या गोडाऊनला हलवल्या, किल्ली त्यांच्याकडे. अण्णांनी लगेच विचारलं, कुलूप नीट लागलं का? माय उत्तर द्यायला निघाली आणि थांबली. मी म्हटलं, अण्णा, हा तोच प्रश्न आहे ना? ते म्हणाले, "हो, तोच आहे." रागावले नाहीत.

भावाला बाईंचा तो परिच्छेद वाचून दाखवला, स्वभावाच्या उलटा विचार येतो तो. काही बोलला नाही, पण रात्री टॉर्च घेऊन अण्णांच्या मागे गेला आणि चिडला नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. अण्णांना बीपीची गोळी चालू आहे, ती आणि या गोळ्या एकत्र चालतील का? आणि केळीचे पैसे हातात यायचे आहेत, खर्च किती येतो?

मनोविकारतज्ज्ञ_जळगाव

फार चांगलं केलंत. मनात येतं म्हणाले आहेत, तेव्हा भेट लांबवू नका, याच आठवड्यात न्या, आणि तोपर्यंत रात्री कुणीतरी त्यांच्याजवळ झोपा.

बीपीच्या बहुतेक गोळ्यांसोबत ही औषधं देता येतात. पण लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर या वयात रक्तातलं सोडियम कमी होण्याची शक्यता असते. त्यामुळे गोळीचं पाकीट सोबत न्या, डॉक्टर गरजेप्रमाणे सोडियम तपासतील. हृदयाचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल, तर तेही सांगा. क्लोमिप्रामिन द्यायचं ठरलं तर आधी ईसीजी काढतात.

खर्चाचं म्हणाल तर यातली बरीच औषधं जेनेरिक स्वरूपात स्वस्तात मिळतात. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. तुमचं सासर धुळ्याला आहे, अण्णांना चार दिवस तिथे आणणं सोपं जाईल. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे.

यावलचे_काका

बाई, फोटोचं तुम्ही सांगितलं ते पटलं. माझ्या धाकट्या सुनेचं असंच काहीतरी आहे असं आता वाटायला लागलं आहे, गॅसचं बटण. आम्ही सगळे तिला "बंद आहे, बंद आहे" म्हणत असतो. तिच्याशी बोलायला हवं. बेटी, तुमच्याकडे रात्रीच्या पाण्याला माणूस नसेल तर सांग. माझा भाचा तुमच्याच तालुक्यात आहे, तो उन्हाळा निघेपर्यंत बघून घेईल.

बोरीकाठ_अमळनेर

काका, सुनेशी बोलताना सगळ्या घरासमोर नको, आधी तिच्या नवऱ्याने एकट्याने विचारू दे.

बेटा, भाच्याची मदत घे, पण अण्णांना पाण्यापासून पूर्ण बाजूला करू नका. त्यांना मळ्यात जाऊ द्या, मोटार त्यांनाच लावू द्या, बंदही त्यांनीच करू दे. काम काढून घेतलं तर शंका तात्पुरती झोपेल, पण माझ्या हातून काही होत नाही हे त्यांच्या मनात आणखी पक्कं होईल.

धुळ्याला जाताना एक कागद घेऊन जा. संध्याकाळी मोटार बंद केल्यापासून झोपेपर्यंत काय काय होतं ते अण्णांकडूनच लिहून घे, त्यांच्या शब्दांत. तपासणीत किती वेळ जातो, शंका आली तेव्हा भीती किती, थांबायचा प्रयत्न केला का, जमलं का. डॉक्टर येल-ब्राऊन नावाच्या मोजपट्टीवर साधारण हेच प्रश्न विचारून 40 पैकी गुण देतात. पुढच्या भेटींत त्याच पट्टीवर पुन्हा मोजतात, म्हणजे उतार पडला की नाही ते अंदाजावर राहत नाही. दवाखान्यातल्या पाच-दहा मिनिटांत अण्णांना लाजेने सगळं सांगता येणार नाही, कागद असला तर डॉक्टर वाचतील.

झोपेच्या गोळीची चिठ्ठी आणि बीपीचं पाकीट त्याच पिशवीत ठेव. आणि मायलाही आत घेऊन जा, तिला बाहेर बाकावर बसवू नको. रोज रात्री उत्तर तिला द्यावं लागतं, तेव्हा काय म्हणायचं आणि काय नाही हे तिने डॉक्टरांच्या तोंडून, अण्णांच्या समोर ऐकलेलं बरं.